स्वयंपाकघरातली तिसरी तार

आपल्या रोजच्या बोलण्यात एक शब्द इतका रुळून गेला आहे की त्याच्याकडे आपले लक्षही जात नाही. वीज गेली म्हणजे आपण म्हणतो, "लाईट गेली." विजेचा आकार भरायचा कागद आला म्हणजे "लाईट बिल आलं." विहिरीवरची मोटार बंद पडली, पिठाची गिरणी थांबली, तरी उत्तर एकच, "लाईट नाही." गिरणी काही दिव्यावर चालत नाही, तरीही विजेला आपण दिव्याच्याच नावाने हाक मारतो.

या नावात आपल्या घरांचा इतिहास साठवलेला आहे. वीज आपल्या घरी आली ती दिवा म्हणून. तारा ओढल्या त्या दिव्याच्या हिशेबाने, आणि बटने बसवली तीही दिव्यासाठीच. आज तोच वाडा, तेच कौलारू घर, तीच जुनी चाळ. आणि त्याच तारांवर आपण मिक्सर, फ्रीज, पाणी तापवायची किटली, विजेची शेगडी चालवू पाहतो. दिव्यासाठी आलेल्या विजेकडून आता चुलीचे काम घ्यायचे आहे. हा बदल करताना जुन्या घराच्या स्वयंपाकघरात काय बदलावे लागते आणि का, हे नीट कळायचे तर थोडे मागे जावे लागेल.

विजेचा व्यापारी पुरवठा मुंबईत विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ साली स्थापन झाली आणि १९०७ साली मुंबईत विजेवरची ट्राम धावू लागली. पुढे १९१५ साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र चालू झाले. लोणावळ्याच्या बाजूला डोंगरमाथ्यावर तळी बांधून साठवलेले पावसाचे पाणी नळांतून घाटाखाली सोडायचे आणि त्याच्या जोरावर चक्रे फिरवायची, अशी ही योजना. ही वीज प्रामुख्याने मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी होती. त्यानंतर १९२२ साली भिवपुरीचे आणि १९२७ साली भिरा येथील केंद्र आले. भिऱ्याला पाणी मिळाले ते मुळशीच्या धरणाचे. त्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेला मुळशी सत्याग्रह त्यापायीच घडला, हे आपणांस ठाऊक आहेच. ज्यांच्या चुली त्या पाण्यात विझल्या त्यांच्या घरी त्या पाण्याची वीज आली नाही. ती गेली गिरण्यांकडे, ट्रामकडे, रेल्वेकडे. विजेच्या पंगतीत पहिले पान कारखान्याला, दुसरे रस्त्याला, तिसरे शहरातल्या सुखवस्तू घराला. आणि त्या घरातही स्वयंपाकघराचे पान शेवटचे.

शहरातल्या जुन्या वाड्यात वीज कशी घेतली जाई ते पाहा. दिंडीदरवाज्याजवळ मीटर. तेथून लाकडी पट्टीवरून तारा निघत. या पट्टीला दोन खाचा असत, प्रत्येक खाचेत एक तार बसवायची आणि वरून लाकडी झाकण स्क्रूने आवळायचे. केसिंग-कॅपिंग म्हणतात ते हेच. तार तांब्याची, तिच्यावर रबराचे आवरण, आणि रबरावर सुताची वीण. पुढे सागवानी पट्टीवर पत्र्याच्या चिमट्यांनी तारा बसवण्याची रीत आली, तिला बॅटन वायरिंग म्हणत. दिवा पहिला लागे तो दिवाणखान्यात, मग ओसरीवर, मग माजघरात. स्वयंपाकघराला एखादा दिवा मिळे, तोही दारावरच्या भिंतीवर, चुलीपासून लांब. कित्येक घरांत त्याचे बटन स्वयंपाकघराच्या बाहेरच असे.

त्या काळच्या मानाने यात काही वावगे नव्हते. स्वयंपाकघरात विजेवर चालण्याजोगे दुसरे होतेच काय? वाटण पाट्यावर, कूट खलबत्त्यात, दळण जात्यावर, रांधणे चुलीवर नाहीतर शेगडीवर. तेव्हा एका दिव्यापुरत्या दोन तारा पुष्कळ झाल्या.

खेड्यांची गोष्ट पुढची आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी २० जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागली. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाला आणि खेड्यांकडे तारा नेण्याच्या कामाला पैशाचे बळ मिळाले. पण खेड्यातही आरंभी वीज गेली ती विहिरीवर, उसाच्या आणि गव्हाच्या पाण्यासाठी. घरात आला तो पुन्हा दिवाच. पुढे १९८८-८९ साली 'कुटीर ज्योती' योजना निघाली, तीत गरीब कुटुंबाला एका दिव्याची जोडणी मिळे. एका दिव्याची! ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रॉकेलची चिमणी जळली त्या घराला तो एक दिवा किती मोठा होता हे वेगळे सांगायला नको. तरीसुद्धा त्या घराच्या भिंतीवर तार चढली ती एका दिव्याच्याच मापाची.

आता स्वयंपाकघर कसे पालटले ते पाहू. १९५५ साली मुंबईत बर्माशेल कंपनीचा सिलिंडरमधला गॅस घरोघर मिळू लागला आणि शहरी चुलीचा धूर हळूहळू ओसरला. १९५८ साली गोदरेज कंपनीने देशात फ्रीज तयार करण्यास आरंभ केला. १९६० च्या दशकात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने आपल्या मसाल्यांना, आपल्या वाटणघाटणाला टिकेल असा 'सुमीत' मिक्सर बनवला. परदेशी यंत्रे मऊ पदार्थ घुसळायला ठीक होती. भिजलेली डाळ, सुके खोबरे, हळकुंड असे जिन्नस आले की त्यांचा दम तुटे. या मिक्सरने आपल्या बायकांच्या खांद्यांचे आणि मनगटांचे किती कष्ट वाचवले याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. तो मांडायला हवा होता.

मिक्सर आला, आणि स्वयंपाकघरातली वीज दिव्याची राहिली नाही, यंत्राची झाली. मग पाणी तापवायचे यंत्र आले, पाव भाजायचे आले, आणि आता विजेची शेगडी आली. येथे वीज चुलीच्या कामाला लागली. प्रकाश, यंत्र आणि उष्णता, या तीन पायऱ्या आहेत. तार मात्र पुष्कळ घरांत पहिल्या पायरीवरच उभी आहे.

थोडे गणित करू. शिक्षक मित्रांनी हे फळ्यावर मांडून पाहावे. उपकरणाच्या बुडाशी एक पट्टी असते, तिच्यावर वॅटचा आकडा असतो. त्याला २३० ने भागले की तारेतून किती अँपिअर प्रवाह जाणार ते साधारणपणे कळते. साठ वॅटचा जुना दिवा सुमारे पाव अँपिअर घेतो. सहाशे वॅटचा मिक्सर अडीच अँपिअरहून थोडा जास्त. दीड हजार वॅटची किटली साडेसहा. दोन हजार वॅटची इंडक्शनची शेगडी ८.७ अँपिअर. फ्रीज चालताना थोडाच घेतो, पण सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या कित्येक पट ओढतो. सकाळच्या घाईत डबा, चहा, वाटण एकदम चालले आणि वर फ्रीजचे दोनशे वॅट धरले, तर एकंदर मागणी ४,३०० वॅट होते. म्हणजे साठचे सत्तरहून अधिक दिवे एकदम लावल्यासारखे झाले.

गोष्ट येथेच थांबत नाही. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हा नियम जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली मांडला. साठच्या दिव्याच्या ३३ पट प्रवाह शेगडी घेते, म्हणून त्याच तारेत उष्णता ३३ पट नव्हे, सुमारे ११०० पट होते. जी तार चाळीस वर्षे एका दिव्याखाली गार राहिली, ती शेगडीखाली का तापते याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

जुन्या वायरमन मंडळींच्या तोंडी तारेची मापे असत: 'एक अठरा', 'तीन बावीस', 'सात वीस'. पहिला आकडा धाग्यांचा, दुसरा धाग्याच्या जाडीच्या नंबरचा. नंबर वाढला की धागा बारीक होतो, हे ध्यानात ठेवा. 'तीन बावीस' म्हणजे आजच्या मापाने जेमतेम १.२ चौरस मिलिमीटर, आणि 'सात वीस' म्हणजे सुमारे साडेचार. दिव्याला पहिली लावत. जुन्या स्वयंपाकघरात बहुधा तीच सापडते.

शिवाय तारेचेही वय होते. रबर वाळते, कडक होते, त्याला भेगा पडतात. चुलीचा धूर, फोडणीची वाफ, कोकणातली चार महिन्यांची ओल, हे सारे त्या आवरणाने सोसलेले असते. हात लावताच ते बिस्किटासारखे कुटकन तुटते. उंदरांचे तर विचारूच नका. वाड्यात कडीपाटाच्या कोरड्या लाकडाला लागूनच या तारा गेलेल्या असतात. त्यांतली एखादी तापली, ठिणगी पडली, तर काय होईल ते सांगण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट. १९६० च्या दशकात देशाला परदेशी चलनाची चणचण होती आणि तांबे बव्हंशी बाहेरून आणावे लागे. म्हणून घरांतून ॲल्युमिनियमच्या तारा आल्या. ॲल्युमिनियम वीज वाहते, पण त्याच जाडीच्या तांब्याच्या मानाने विरोध सुमारे १.६ पट करते. शिवाय त्याच्यावर पटकन थर धरतो, आणि स्क्रूखाली ते दाबले जाऊन कालांतराने जोड सैल पडतो. सैल जोड तापतो. तापला की आणखी सैल होतो. बटनाच्या बोर्डाला काळा डाग पडलेला दिसला, बोर्डाजवळ जळकट वास आला, तर हा जोड बोलतो आहे असे समजावे.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. ती म्हणजे तिसरी तार.

दिवा लागायला दोन तारा पुरतात. एकीने वीज येते, तिला फेज म्हणतात; दुसरीने ती परत जाते, ती न्यूट्रल. तिसरी तार, म्हणजे अर्थिंगची, जमिनीशी जोडलेली. ती नसली तरी दिवा लागतो, पंखा फिरतो, मिक्सरही फिरतो. तिच्यावाचून काही अडत नाही. म्हणूनच ती वगळली गेली. खर्च वाचला आणि कोणाला काही उणे दिसले नाही. ती कामाला येते ती एकाच प्रसंगी. यंत्राच्या आतली फेज तार सुटून यंत्राच्या धातूच्या अंगाला टेकली, तर अर्थिंगची तार ती वीज थेट जमिनीत नेते, मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो. तार नसेल तर ते धातूचे अंग विजेने भारलेले, गुपचूप उभे राहते आणि कोणाचा तरी हात लागण्याची वाट पाहते.

तो हात कोणाचा असतो? आपल्याकडे स्वयंपाकघरात वहाणा घालून कोणी जात नाही. रीत चांगली आहे, स्वच्छतेची आहे. पण त्यामुळे तिथे वावरणाऱ्या बाईचे पाय उघडे, फरशी ओली, हात ओले, आणि शेजारी नळ नाहीतर मोरी. जुन्या घरात तर शेणाने सारवलेली ओलसर जमीन. विजेला जमिनीत जाण्यास याहून सोपी वाट कोणती? घरातल्या सगळ्या खोल्यांत तिसऱ्या तारेची सर्वांत अधिक गरज ज्या खोलीला, नेमकी तीच खोली विजेच्या वाटणीत शेवटची राहिली. "फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात," असे घरातली बाई सांगते आणि "चप्पल घालून उघड," असे तिला उत्तर मिळते. श्रोते हो, त्या मुंग्या म्हणजे सूचना आहे. ती सांगणारीचे ऐकले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे अलीकडच्या वर्षांत आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरसाल दहा हजारांहून अधिक माणसे दगावली आहेत. त्यांत शेतातले आणि रस्त्यावरचे अपघातही येतात. पण घरातलेही येतात.

तिसरी तार हवी हे कोणाला ठाऊकच नव्हते असे मात्र नाही. आपण वापरतो ते गोल खिळ्यांचे तीन पायांचे प्लग ज्या ब्रिटिश प्रमाणावरून आले ते १९३४ सालचे आहे. त्यातला वरचा पाय मुद्दाम जाड आणि लांब ठेवला, तो एवढ्यासाठी की प्लग घालताना अर्थिंग आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे. आपल्या देशात १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत पुरवठा करणाऱ्याने ग्राहकाच्या जागेत अर्थिंगचे टोक द्यावे असे सांगितले होते. भारतीय मानक संस्थेने १९६६ साली अर्थिंगची रीत स्वतंत्र ग्रंथिकेत लिहून दिली. नियम होते, पुस्तके होती. घराघरांत मात्र लांब पाय कापून दोन पायांच्या भोकांत प्लग बसवण्याची हिकमत चालली.

जिथे अर्थिंग केले तिथेही सोय पाहिली गेली. पुष्कळ ठिकाणी ती तार नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळून टाकली. पुढे नळ दुरुस्त करताना प्लॅस्टिकचा पाइप आला, आणि अर्थिंग कोणाला न कळता तुटले. काही ठिकाणी तर बोर्डाच्या आतच अर्थिंगचे टोक न्यूट्रलला जोडून ठेवलेले आढळते. हे फार घातक आहे. न्यूट्रल कुठे तुटली की यंत्राचे सारे अंगच विजेने भारले जाते. असे अर्थिंग असण्यापेक्षा नसलेले बरे, असे म्हणायची पाळी येते.

"पण फ्यूज आहे ना?" असे कोणी विचारील. फ्यूजचे काम समजून घ्या. फ्यूज तारेला राखतो, माणसाला नाही. तारेतून मर्यादेपलीकडे प्रवाह गेला की फ्यूजची बारीक तार वितळते आणि आग टळते. पण माणसाचा जीव घ्यायला पाच अँपिअर लागत नाहीत. साठच्या दिव्याला जेवढा प्रवाह लागतो त्याच्या पावपटही प्रवाह छातीतून गेला तर हृदयाचा ताल बिघडू शकतो. एवढा प्रवाह फ्यूजच्या खिजगणतीतही नसतो. त्यातून आपल्याकडे चिनीमातीच्या फ्यूजमध्ये, किटकॅट म्हणतात त्यात, पुन्हा पुन्हा उडतो म्हणून जाड तार घालण्याची खोड. म्हणजे राखणदाराचेच डोळे बांधून ठेवायचे.

या उणिवेवर दोन उपाय विसाव्या शतकात निघाले. पहिला आपोआप पडणारा खटका, एमसीबी. जर्मनीत ह्यूगो श्टोट्झ याच्या कारखान्यात १९२४ च्या सुमारास तो सिद्ध झाला. त्यात तार बदलावी लागत नाही, म्हणून जाड तार घालण्याचा मोहही उरत नाही. पण तोही फ्यूजचाच भाऊ, तारेला राखणारा. दुसरा उपाय माणसाला राखणारा. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी माणसाच्या शरीराला किती प्रवाह सोसतो याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९६१ साली गळती ओळखणारा खटका तयार केला. युरोपातही त्याच सुमारास असे काम चालू होते. आपल्याकडे आज मिळतो तो आरसीसीबी याच तत्त्वावरचा. फेजमधून जितकी वीज गेली तितकी न्यूट्रलमधून परत आली पाहिजे, असा तो हिशेब ठेवतो. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत चालली आहे असे समजून तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुरवठा तोडतो. चोख मुनीमच म्हणा. मात्र एक ध्यानात ठेवा. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर त्याचा हिशेब जुळतोच, तेव्हा तो वाचवू शकत नाही. तो आहे म्हणून बेफिकीर होऊ नये.

असो. जुन्या घराच्या स्वयंपाकघरात हे काम करायचे तर कोणत्या क्रमाने करावे?

सर्वांत आधी गणती. स्वयंपाकघरात काय काय चालते, आणि त्यांतले एकदम काय चालते, हे कागदावर मांडावे. मग आपले बिल काढून त्यावरचा 'मंजूर भार' पाहावा. मागणी त्याहून वाढत असेल तर वीज कंपनीकडे रीतसर अर्ज करून भार वाढवून घ्यावा. भार न वाढवता नुसते उपकरण वाढवणे म्हणजे अरुंद पाटात मोठी मोट रिकामी करणे, काठ फुटणारच.

दुसरे काम अर्थिंगचे, आणि ते तारांच्याही आधी. घराजवळ, शक्यतो ओल टिकेल अशा जागी, खड्डा घेऊन जस्ताचा मुलामा दिलेला सुमारे अडीच मीटर लांबीचा पाइप उभा पुरतात आणि भोवती कोळसा व मीठ यांचे थर देतात. दख्खनच्या पठारावर थोडे खणले की काळा पाषाण नाहीतर मुरूम लागतो, आणि कोकणात उन्हाळ्यात जांभा कोरडा पडतो. अशा जमिनी विजेला सहजी वाट देत नाहीत. तेथे एका पाइपावर भागत नाही, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालावे लागते. अर्थिंग झाल्यावर ते मापकाने मोजून घ्यावे. 'केले आहे' या शब्दावर विसंबू नये.

तिसरे काम तारांचे. येथे एक चूक फार घरांत दिसते. जुन्या तारेच्या टोकाला नवा सोळा अँपिअरचा बोर्ड बसवतात आणि समजतात की काम झाले. बोर्ड नवा, झकपक. आत तार तीच तीन बावीस. यापेक्षा जुना बोर्ड बरा, निदान तो आपली ताकद लपवत नाही. स्वयंपाकघराच्या जड उपकरणांसाठी मुख्य पेटीपासूनच वेगळ्या तांब्याच्या तारा आणाव्यात. दिव्याला दीड चौरस मिलिमीटरची, मिक्सर-फ्रीजच्या वाटेला अडीचची, आणि शेगडी किंवा पाणी तापवायचे यंत्र असेल, अंतर लांब असेल, तर त्याला चारची स्वतंत्र तार. प्रत्येक वाटेसोबत हिरवी अर्थिंगची तार हवीच. प्रत्येक वाटेला आपला एमसीबी, आणि तो तारेच्या ताकदीला साजेसा. खटका वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणे म्हणजे पुन्हा जाड फ्यूजचीच गोष्ट. या सगळ्यांच्या माथ्यावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. त्यावर तपासणीचे एक बटन असते, ते महिन्यातून एकदा दाबून खटका पडतो की नाही हे पाहावे.

वाड्याच्या पांढऱ्या मातीच्या भिंती फोडून आत नळ्या बसवणे धोक्याचे असते, भिंत ढासळते. तेथे तारा भिंतीवरूनच न्याव्यात. आता प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात, खाली पट्टी आणि वर झाकण. आजोबांच्या काळच्या लाकडी केसिंग-कॅपिंगचाच हा नवा अवतार. जुनी रीत वाईट नव्हती. जुने झाले ते रबर आणि जुना झाला तो हिशेब. बोर्ड ओट्याच्या वर, हाताला सहज येईल असा, पण शेगडीच्या बरोबर वर नको आणि नळाजवळही नको. प्रत्येक बटन फेजच्या तारेवर आहे ना, हे तपासून घ्यावे. पूर्वीच्या कामांत ते कधी कधी न्यूट्रलवर सापडते; मग दिवा विझलेला आणि होल्डर मात्र जिवंत!

आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. दिवा किंवा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर विजेचे काम परवानाधारकानेच करावे, हे १९५६ च्या नियमांत होते आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० व २०२३ च्या नियमांतही तेच तत्त्व कायम आहे.

खर्च होतो, हे खरे. आणि खर्च होऊन डोळ्यांना दिसत काहीच नाही. ओटा चकचकीत झाला तर पाहुणे वाखाणतात, अर्थिंगचा खड्डा कोणी पाहायला येत नाही. म्हणूनच ज्या घरात एकदम सगळे जमणार नाही त्यांनी निदान क्रम उलटा करू नये. आधी अर्थिंग आणि आरसीसीबी, मग स्वयंपाकघराच्या तारा, आणि त्यानंतर नवे उपकरण. बहुतेक घरांत उपकरण आधी येते आणि बाकीचे राहून जाते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. सातवी-आठवीच्या मुलांना घरातल्या उपकरणांवरच्या पट्ट्यांचे आकडे उतरून आणायला सांगा आणि वर्गात २३० ने भागायला लावा. बोर्ड उघडायचा नाही, तारेला हात लावायचा नाही, नुसते आकडे. सोबत एक प्रश्न द्या. घरातल्या कोणत्या यंत्राला हात लावला की आईला किंवा आजीला मुंग्या येतात? त्याचे उत्तर मुलांनी घरी विचारून वहीत लिहून आणावे, आणि ज्या वहीत एखाद्या यंत्राचे नाव लिहिलेले असेल त्या घरी निरोप धाडावा की ते यंत्र आज बंद ठेवा आणि वायरमनला बोलवा.